मागच्या गादीवर आधी धाकूआबा

मोटार सुरू झाली की माणसं पुढे बघतात. धाकूआबा मागे जायचा. धुराच्या नळ्यापाशी उकिडवा बसायचा, कमरेला खोचलेलं पांढरं फडकं काढून नळ्याच्या तोंडासमोर दोन्ही हातांनी ताणून धरायचा, आणि थोड्या वेळाने ते फडकं आधी डोळ्यांशी आणि मग नाकाशी न्यायचा. मी चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, पण रोग्याची जीभ इतकी मन लावून मी क्वचितच पाहिली असेन. फडकं बघून झालं की तो घडी घालायचा, आणि मगच बोलायचा. त्याच्या आधी त्याला काही विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायचा. खरं म्हणजे त्याला थोडं कमीच ऐकू यायचं, पण किती कमी, हे त्याच्या मर्जीवर असे.

धाकू शिवलकर मूळचा रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला जाऊन आगबोटीवर चढला, आणि तीस वर्षं इंजिनखोलीत तेलवाल्याचं काम करून परत आला. एडन, मोंबासा, रंगून ही नावं तो आपण हातखंबा, पाली म्हणावं तशी घ्यायचा. पण त्या गावांबद्दल त्याला काही विचारण्यात अर्थ नव्हता. बंदर आलं की इंजिन उघडून साफ करायची वेळ येते, त्यामुळे त्याने सगळं जग खालून, बॉयलरच्या बाजूनेच बघितलं होतं. डाव्या भुवईचे केस कधीतरी वाफेने गेले होते ते परत आले नव्हते. अंगात बंडी, कमरेला खाकी अर्धी विजार आणि पायात काही नाही, असा त्याचा बारमाही पोशाख होता.

इंजिनखोलीत आवाज एवढा की कानाशी ओरडलं तरी कळत नाही, म्हणून तिथली माणसं हाताने बोलतात. ती सवय धाकूआबाने घरी आणली होती. पंजा पालथा करून हवेत दोनदा थोपटला म्हणजे सगळं ठीक चाललंय. मूठ म्हणजे थांब. बोटं वर करून फडफडवली म्हणजे धूर जास्त होतोय. आमच्या ओटीवर टाचणी पडली तर ऐकू येईल एवढी शांतता असली तरी तो चहा पुरे असं सांगायला मूठच दाखवायचा. माझी बायको कमल हिने या खुणा चार दिवसांत उचलल्या. मला शेवटपर्यंत नीट जमल्या नाहीत.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी रत्नागिरीत नवा नवा दवाखाना मांडला होता. पाली, देवरूख इकडून बोलावणी यायची, आणि बैलगाडीने पोचेपर्यंत रोगी एक तर बरा झालेला असे किंवा माझ्या आवाक्याबाहेर गेलेला असे. त्यात एका साहेबाची बदली झाली आणि जाता जाता तो आपली जुनी मोटार विकायला निघाला. कापडी छपराची, दोन्ही बाजूंनी उघडी, पावसात पडदे लावायचे अशी ती गाडी होती. मी ती घेतली आणि त्या दिवसापासून बाजारपेठेत माझी शोभा सुरू झाली. गाडी असा निळा धूर सोडायची की मी येतोय हे बघून कापडवाले दुकानाच्या फळ्या ओढून घ्यायचे. लोक तिला डॉक्टरांची आगबोट म्हणायला लागले. दवाखान्यात खोकल्याचे रोगी वाढले ते याच बोटीमुळे, असं एका वकील मित्राने चारचौघांत सांगितलं, आणि मला हसण्यावारी न्यावं लागलं.

धाकूआबा पहिल्यांदा आला तो कान दाखवायला. मी टॉर्च घेऊन त्याच्या कानात बघणार एवढ्यात तो उठला आणि म्हणाला, "माज्या कानाचा मागनं बगा, डागतर. भायेर उबी हाय ती गाडी तुमची काय?"

मी हो म्हटलं.

"मग आदी तिचा बगूया. ती माज्यापेक्षा जास्त आजारी हाय."

मला गाडी सुरू करायला लावून त्याने फडकं धरलं. फडक्यावर तपकिरी डाग उमटला, कडेने तेलकट. तो डाग त्याने मला दवाखान्याच्या दारात, रोग्यांच्या देखत समजावून सांगितला. काळा धूर पडला तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा पडला आणि थांबेना तर पाणी शिरलंय. निळा म्हणजे तेल जळतंय. "तुमची त्याल पित्येय," तो म्हणाला. "आमच्या बोटीवर एक फिटर व्हता, तो पन प्यायचा. पन तो निदान काम करायचा."

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या अंगणात फणसाखाली उभी राहिली ती दहा दिवस हलली नाही. धाकूआबाने चार जांभे दगड लावून ती उचलून घेतली, इंजिन उघडलं, आणि एकेक भाग काढून खजुरीच्या चटईवर ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडत गेला. त्या चटईवरून कोणी पाय टाकून गेलेलं त्याला खपत नसे. फडक्यांसाठी कमलने माझी जुनी धोतरं फाडून दिली. नव्या धोतरांपैकीही एक त्यात गेलं, ते मला नंतर कळलं. वापरलेलं फडकं तो धूत नसे, टाकत नसे. बिस्किटांच्या एका डब्यात पहिलं तळाला, दुसरं त्याच्यावर, असं ठेवत जायचा. दहाव्या दिवशी त्याने डबा कमलपुढे उपडा केला. सगळ्यात खाली काळपट तपकिरी, मग पिवळट, मग राखाडी, आणि शेवटचं जवळजवळ कोरं. मला तो डबा दाखवावा असं काही त्याला वाटलं नाही. मी आपला मान वाकडी करून बघून घेतलं.

इंजिनाचं ऐकायला त्याच्याकडे एक सागाची काठी होती. एक टोक लोखंडाला लावायचं, दुसरं दातात धरायचं. कान गेलेल्या माणसाने शोधून काढलेली युक्ती होती ती. मला दया आली आणि मी माझा जुना स्टेथोस्कोप त्याला दिला. त्याने तो दोन दिवस मनापासून वापरला आणि तिसऱ्या दिवशी पुसून परत आणला. "ह्याच्यात लय ऐकू येता," तो म्हणाला. "नको ता पन. मानूस घाबरून जाता." मला त्याचं म्हणणं तेव्हा गमतीचं वाटलं. पुढे एका पावसाळ्यात मला त्याची आठवण झाली, ते येईलच.

त्याची आणखी एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. धाकूआबा आमच्या गाडीत आत कधी बसत नसे. गाडी चालवून बघायची असली की तो बाहेरच्या पायरीवर उभा राहायचा, एक हात छपराच्या दांडीला, आणि वाकून चाकाखालून येणारा आवाज ऐकायचा. कमलने किती वेळा सांगितलं, "आबा, मागे जागा आहे, बसा ना." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. "गादीवर बसलेल्या मानसाला गाडीचा बोलना ऐकू येत नाय, वयनी." खरं कारण कपड्यांना लागलेलं तेल असावं असा आमचा अंदाज होता. पण तो काही तसं म्हणाला नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता कमलबद्दल. तिने लग्नाआधी मिरजेला सुइणीचं शिक्षण घेतलं होतं. मी गावोगाव डॉक्टर म्हणून मिरवत होतो खरा, पण बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत मला कोणी घेत नसे. मी ओटीवर बसून चहा प्यायचा आणि कमलने आत जाऊन काम करायचं. आतून ती विचारायची, बाहेरून मी सांगायचो, आणि बहुतेक वेळा ती मला न विचारता करायची ते बरोबर असायचं. पालीपासून देवरूखपर्यंत बायका तिची वाट बघायच्या. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची शंका आहे.

पहिल्याच पावसाळ्यात गाडीत पाणी साठायला लागलं. आपल्याकडचा पाऊस वरून येतो, बाजूंनी येतो आणि रस्त्यावरून उडून खालूनही येतो. कमल मागे बसायची, बाळंतपणाची पेटी मांडीवर घेऊन, आणि तिची पावलं पाण्यात बुडलेली असत. धाकूआबाने हे पाहिलं आणि त्याला राग आला. त्याने जाड कॅनव्हासचे पडदे शिवून घेतले, फटीत काथ्या कोंबला, राळ भरली. वरून आणि बाजूंनी एक थेंब येणार नाही असा बंदोबस्त केला. मग गिरमिट आणून मागच्या गादीपुढे, पाय ठेवायच्या फळीला चार भोकं पाडली.

"बोटीच्या डेकला असतात," त्याने समजावलं. "पानी येनारच. त्याला जायाला वाट दिली की झाला."

मी खूश झालो. रस्त्यावरून जे काही पाणी आत येई ते त्या चार भोकांतून निघून जाऊ लागलं, आणि कमलची पावलं कोरडी राहिली. ही अक्कल मोटारी बनवणाऱ्या साहेबाला सुचली नाही, आमच्या मिऱ्याच्या माणसाला सुचली, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. वकील मित्राला तर मुद्दाम अंगणात नेऊन भोकं दाखवली.

दुसऱ्या पावसाळ्यात कमल आजारी पडू लागली. पालीला पोचेपर्यंत तिचं डोकं ठणकायचं. देवरूखला उतरताना पाय लटपटायचे, मळमळायचं, आणि डोळे मिटायला लागायचे. एकदा ती बाळंतिणीच्या उशाशीच भिंतीला टेकून बसली, आणि घरातल्या म्हातारीने आधी तिला कांदा हुंगवला आणि मग सुनेकडे बघितलं. मी पहिल्यांदा पित्त म्हटलं. मग रक्त कमी आहे असं ठरवून लोहाचं औषध दिलं. ते दोन बाटल्या पिऊनही फरक पडेना, तेव्हा मी रोज तिच्या छातीला नळी लावू लागलो, आणि लावता लावता मला तिच्या हृदयात एक बारीक आवाज ऐकू यायला लागला. धाकूआबा म्हणाला होता त्याप्रमाणे, नको ते पण.

"अहो, गाडीत बसले की होतं, उतरून तासभर झाला की जातं," ती मला सांगायची. "मग औषध मला का देता?"

"तू सुईण आहेस, मी डॉक्टर आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी खरोखर उच्चारलं होतं. ते इथे लिहिताना अजून लाज वाटते.

मी तिचं गाडीतून फिरणं बंद केलं आणि सांगलीला तिच्या वडिलांना पत्र टाकलं, की कमलचं हृदय अशक्त आहे, तिला काही महिने माहेरी विश्रांतीला घेऊन जावं. पत्र गेलं आणि घरात बोलणं बंद झालं. देवरूखला एक पहिलटकरीण होती. तिची मोठी बहीण आदल्या वर्षी बाळंतपणातच गेली होती, आणि कमलने त्या मुलीचा हात धरून सांगितलं होतं की तुझ्या वेळेला मी असेन. दिवस भरत आले होते. कमल रडली नाही. तिने पेटीतली कात्री, दोरा, सगळं उकळून, पुसून जागच्या जागी ठेवलं आणि पेटी दाराशी ठेवून दिली. येता जाता मला ती ओलांडावी लागत होती.

धाकूआबा शनिवारी नेहमीसारखा फडकं धरायला आला. पेटी दाराशी आणि कमल घरात, हे त्याने पाहिलं. मला काही न विचारता तो मागच्या पडवीत गेला, आणि मी खिडकीशी उभा होतो म्हणून मला ऐकू आलं.

"वयनी, काय होता तुमाला?"

तिने सांगितलं.

"कुटं बसता?"

"मागे."

"पडदे?"

"खाली सोडलेले. पाऊस असतो ना."

"पाऊस नसला आनि पडदे वर असले तर?"

कमलने आठवून बघितलं. "तेव्हा नाही होत," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात एकदा उघडीप होती. तेव्हा काही झालं नाही."

हा प्रश्न मी तिला विचारला नव्हता. दोन बाटल्या औषध दिलं, रोज छाती तपासली, पण तू कुठे बसतेस हे विचारलं नाही.

धाकूआबा बाहेर आला आणि मला म्हणाला, "डागतर, गाडी काडा. हातखंब्यापर्यंत जाऊन येवया." आणि पायरीवर न चढता त्याने मागचा पडदा उचलला, बंडीवर एक पोतं गुंडाळून घेतलं आणि गादीवर जाऊन बसला. पडदे आतून बांधून घेतले. मी गाडी चालवत होतो. मागून काही आवाज नव्हता. परत येताना मी दोनदा हाक मारली, दुसऱ्यांदा तो कसाबसा "चला" म्हणाला. अंगणात उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. फणसाच्या बुंध्याला धरून तो ओकला, चूळ भरली, आणि बराच वेळ मातीत तसाच बसून राहिला.

मग त्याने एक मडकं मागितलं. त्यात नारळाची सोडणं पेटवली, मडकं गाडीच्या मागे धुराच्या नळ्याच्या तोंडाशी लावलं, भोवती ओलं पोतं कोंबलं, आणि लोहाराकडून आणलेल्या भात्याने हळूहळू धूर नळ्यात भरायला सुरुवात केली. इंजिन बंद होतं. "आत बगा," तो म्हणाला. कमल आणि मी पडदा उचलून बघत उभे राहिलो. थोडा वेळ काही झालं नाही. मग कमलच्या पायाच्या जागी, त्या चार भोकांतून, धुराच्या चार बारीक रेघा सरळ वर आल्या. उदबत्त्या लावल्यासारख्या.

फळीखालीच नळ्याचा सांधा होता. खाऱ्या हवेने तो कुजून फाटला होता. गाडी चालायची तेव्हा अर्धा धूर मागे जायचा आणि अर्धा या भोकांतून आत. आणि पडदे, काथ्या, राळ यांनी आम्ही तो बाहेर जाऊ देत नव्हतो. धाकूआबा इतके दिवस पायरीवर वाऱ्यात उभा, आणि मी पुढे, काचेच्या फटीतून वारा घेत. बंद जागेतल्या धुराची विषबाधा हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. उत्तराला चांगले मार्क पडले होते.

भाता खाली ठेवून धाकूआबा कमलपुढे येऊन उभा राहिला. त्या वेळी त्याने हाताने खूण केली नाही. "वयनी, तुमच्यात कायएक नाय," तो म्हणाला. "ही भोकां माजी. मी मारली. नळ्याचा फुसफुसना पन ऐकू येत व्हता माला, मी म्हटला चिखल उडतोय. तुमाला दोन महिने इख मीच पाजला."

कमल म्हणाली, "आबा, पाय कोरडे राहिले माझे." मग तिने पंजा पालथा करून हवेत दोनदा थोपटला, आणि त्यावर तो कामाला लागला.

त्याने सांधा कथलाचा डाख देऊन जोडला नाही, धुराच्या उष्णतेने कथील वितळतं. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून नळ्यावर गुंडाळला, होडीला मारतात ते तांब्याचे खिळे ठोकले, आणि बोटीवरून आणून जपून ठेवलेली, आगीत न जळणारी दोरी त्यावर आवळून बांधली. चारी भोकांत सागाच्या खुंट्या ठोकल्या. नंतर पुन्हा मडकं, पुन्हा भाता. एक रेघ येईना. तरी कमल बसायला निघाली तेव्हा त्याने मूठ दाखवली.

"आदी मी बसतंय," तो म्हणाला.

पडदे बांधून तो तीनदा हातखंब्याला जाऊन आला. तिसऱ्या वेळी उतरल्यावर त्याने भाकरी मागून घेतली आणि सगळी खाल्ली. ती त्याने आम्हाला दिलेली खात्री होती.

दुसऱ्या दिवशी माझे सासरे सांगलीहून मोटार सर्व्हिसने येऊन दाखल झाले. पत्राने ते पार घाबरून गेले होते. मुलीला धडधाकट बघून त्यांना काही समजेना. मी त्यांना ओटीवर बसवलं आणि सांगायला लागलो, की गाडीत थोडा बिघाड झाला होता, काही भोकं पडली होती, त्यामुळे जरासा गैरसमज झाला. असल्या वाक्यांत कोणी काही केलेलं नसतं. सगळं आपोआप झालेलं असतं. आम्हा डॉक्टरांना ती भाषा चांगली येते.

धाकूआबा अंगणात हत्यारं पुसत होता. तो उठून ओटीच्या पायरीशी आला.

"भोकां पडली नाय, सायेब," तो सासऱ्यांना म्हणाला. "मी मारली. तुमच्या लेकीला माज्या हातान तरास झाला. ता माज्या तोंडान तुमाला कळूदे, म्हनून सांगतंय." आणि एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. फडक्यावरचा डाग बघायचा तसा, शांतपणे, काय उमटतंय ते बघत.

माझ्या तोंडून आपोआपच निघालं, "आणि निदान मी चुकवलं. ती मला सांगत होती, मी ऐकलं नाही."

डॉक्टर झाल्यापासून मी हे वाक्य पहिल्यांदा म्हटलं. आभाळ कोसळलं नाही. सासऱ्यांनी चहा मागितला. पुढच्या आयुष्यात ते वाक्य मला बऱ्याच ओट्यांवर, बऱ्याच बापांसमोर आणि नवऱ्यांसमोर म्हणावं लागलं. दर वेळी जड गेलं. पण म्हणता आलं, ते त्या पायरीशी उभ्या असलेल्या माणसामुळे. त्याचं ऋण मी कशानेही फेडू शकलेलो नाही, आणि फेडावं असं वाटतही नाही. ते अंगावर असलेलं बरं वाटतं.

तीनच दिवसांनी देवरूखच्या त्या पहिलटकरणीकडचा माणूस आला. धो धो पाऊस होता. पडदे खाली, मागे कमल आणि हट्टाने तिच्या शेजारी बसलेले सासरे, पायरीवर पोतं पांघरून धाकूआबा. पालीला मी गाडी थांबवून मागे वळून विचारलं, "डोकं?" कमलने पंजा थोपटला. साखरप्याच्या अलीकडे सासरे घोरायला लागले तेव्हा मी हादरून ब्रेक लावला, पण ती त्यांची रोजची दुपारची झोप होती. त्या रात्री उशिरापर्यंत कमल आत होती आणि पहाटे त्या मुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सासरे दोन दिवस राहून एकटेच सांगलीला परत गेले. जाताना त्यांनी धाकूआबाला आपलं उपरणं दिलं. त्याने ते अंगावर घेतलं नाही. त्याची सात फडकी झाली.

त्यानंतर दर वर्षीचा एक रिवाज पडला. पावसाळा तोंडावर आला, पडदे चढवले, की धाकूआबा येऊन मागे बसायचा, पडदे आतून बांधून हातखंब्यापर्यंत जाऊन यायचा, फडकं धरायचा आणि ते कमलच्या हातात द्यायचा. तोवर तिला गाडीला हात लावू द्यायचा नाही. मी एकदा म्हटलं, "आबा, नळा नवा बसवलाय, भोकं बुजवलीत, आता कशाला?" त्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

अशी सहा-सात वर्षं गेली. धाकूआबाला दम लागायला लागला. बॉयलरच्या धुराने छाती आतून कधीच खाल्ली होती. आता स्टेथोस्कोप मी त्याच्या छातीला लावला आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "कसला धूर पडतोय, डागतर?" त्याने विचारलं. "काळा का निळा?" मी खरं सांगितलं. त्याला खोटं सांगायची मला सोय राहिली नव्हती. मुंबईला त्याचा मुलगा गिरणीत होता, त्याने बोलावून घेतलं. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या होत्या, त्याआधीच्या शेवटच्या बोटीने जायचं ठरलं.

मी त्याला बंदरावर पोचवायला गाडी काढली. मे महिना, भर दुपार, डांबरसुद्धा मऊ पडलेलं. धाकूआबाने वळकटी पुढे ठेवली, आणि मला म्हणाला, "पडदे चडवा."

"या उन्हात?"

"पावसाला मी हितं नाय."

कमल माझ्या शेजारी पुढे बसली. तो मागे, पडदे चारी बाजूंनी बांधून. बाजारातून जाताना लोक बघत होते की डॉक्टरांनी गोशातली बाई कुठून आणली. गाडी आधी हातखंब्याला नेऊन आणायला लावली त्याने, आणि मगच बंदरावर. उतरला तेव्हा बंडी पिळून काढावी इतकी भिजलेली, धाप लागलेली. तरी मागे गेला, नळ्याशी उकिडवा बसला. उठताना कमलने हात दिला. त्याने फडकं उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं, हुंगलं, घडी घातली आणि तिच्या हातात दिलं.

"बसा यंदा," तो म्हणाला.

बोट लांब पाण्यात उभी होती; त्याला तिथवर नेणारा पडाव वल्ही मारत निघाला. त्याने आमच्याकडे तोंड करून बसावं अशी माझी फार इच्छा होती. पण तो बसला होता बोटीकडे तोंड करून. तिच्या धुराड्यातून काळा धूर निघत होता. धाकूआबा त्याच्याकडे बोट दाखवून वल्हेवाल्याला काहीतरी सांगत होता. मग त्याला आमची आठवण झाली असावी. तो वळला, धुराड्याकडे हात केला, आणि बोटं वर करून फडफडवली. कमलने काठावरून पंजा पालथा केला आणि थोपटत राहिली, पडाव बोटीच्या आडोशाला जाईपर्यंत. तो पुन्हा रत्नागिरीला आला नाही.

पंधरा दिवसांनी पालीहून बोलावणं आलं. पाऊस लागला होता, पडदे खाली होते. कमल पेटी घेऊन आली तेव्हा मी मागचा पडदा उचलून आत चढायला लागलो. तिने विचारलं, "कुठे?"

"थांब," मी म्हटलं. "आधी मी बसून बघतो."

"आबा बसून गेलेत," ती म्हणाली. मला बाजूला करून ती आत चढली, पेटी मांडीवर घेतली आणि पडदा आतून बांधून घेतला.